पंगत, प्याला आणि मंडळी : मराठी ख्रिस्ती सहजीवनाच्या अभ्यासाची प्रस्तावना

नव्या करारात मंडळीतली जी भांडणे नोंदली आहेत, त्यांतली बरीचशी जेवणावरून झालेली आहेत. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते अशी कुरकुर सुरू झाली आणि त्यावर तोड म्हणून सात सेवक नेमावे लागले. पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जाऊन आला, तेव्हा परतल्यावर त्याला पहिला जाब विचारला गेला तो सुंता न झालेल्यांच्या पंक्तीला बसल्याबद्दल. अंत्युखियात हाच पेत्र आधी सर्वांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून काही माणसे आली, तसा तो त्या पंक्तीतून हळूच बाजूला झाला, आणि पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावले. करिंथमध्ये तर खुद्द प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच पोटभर जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाचे त्यावरचे पत्र आजही वाचताना झोंबते.

ही प्रकरणे मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाहीत. पाणवठा कुणाचा, पंगत कुणाची आधी, कुणी ओटीवर बसायचे आणि कुणी अंगणात, वाढताना हात किती वर धरायचा, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या न बोलता ठरत आले आहे. युरोपातल्या अभ्यासकांना अंत्युखियातला तो प्रसंग समजून घ्यायला यहुदी आहारनियमांचे ग्रंथ धुंडाळावे लागतात. नाशिक-नगरकडच्या म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईला तो एका दमात कळतो. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या मराठी अभ्यासकाच्या हाती हा फार मोठा ठेवा आहे आणि तो त्याने संकोच न करता वापरावा, अशी माझी इच्छा आहे.

क्षेत्राची व्याख्या साधी आहे. वेगवेगळ्या जातींतून, भाषांतून, मुलखांतून आलेली आणि ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी माणसे महाराष्ट्रात रोजच्या जगण्यात एकमेकांजवळ कशी आली, कुठवर आली आणि कुठे अडली, याचा हा अभ्यास. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. संख्या लहान असली तरी त्यांच्यातले वैविध्य फार मोठे आहे. वसईचे सामवेदी आणि मुंबईचे ईस्ट इंडियन, नगर जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरून आलेली घराणी, कोकणस्थ ब्राह्मणांतून आलेले लेखक, नंदुरबार-धुळ्याकडचे आदिवासी, देवळालीच्या छावणीत आणि नाशिकरोडच्या वसाहतींत नोकरीनिमित्त स्थिरावलेले गोव्याचे, तमिळ आणि मल्याळी लोक, हे सारे एकाच शब्दाखाली मोजले जातात. माझे म्हणणे असे, की त्यांच्या एकीचा इतिहास मतांगीकारांत आणि सिनडच्या ठरावांत थोडा सापडतो. ताट, प्याला, शाळेचा बाक, सोयरीक आणि दफनभूमी इथे तो कितीतरी जास्त सापडतो.

नाशिकपासून सुरुवात करण्याला कारण आहे. शहरातला शरणपूर रस्ता आज दुकाने, दवाखाने आणि वाहनांनी गजबजलेला असतो. त्याला नाव देणारे शरणपूर हे एक ख्रिस्ती गाव होते. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ साली सुरू झाले आणि विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये शहराबाहेर ही वसाहत उभी केली. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यामुळे घर, वतन, विहीर, सारेच ज्यांचे तुटले, त्यांना राहायला जागा आणि हाताला काम हवे होते. म्हणून तिथे घरे, शाळा, सुतारकाम-लोहारकामाच्या कार्यशाळा आणि शेती आली. एका वसाहतीत वेगवेगळ्या जातींची माणसे शेजारी म्हणून राहायला येणे ही त्या काळच्या नाशिकात लहान घटना नव्हती.

आणि मग तिथे आफ्रिकन मुले आली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांना नेणारी गलबते ब्रिटिश आरमाराने अडवली की सोडवलेल्या माणसांपैकी काहींना मुंबईत उतरवले जाई. त्यांतली बरीच मुले शरणपूरच्या आश्रयगृहात पाठवली गेली. ती मराठी ख्रिस्ती मुलांसह वाढली, शिकली, हातोडा आणि करवत चालवू लागली, आणि इंग्रजी साधनांत 'नासिक बॉइज' या नावाने ओळखली जाऊ लागली. आफ्रिकेतला शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकचे काही तरुण होते. पुढे आणखी काही जण त्याला जाऊन मिळाले, त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ साली, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे हृदय तिथेच एका झाडाखाली पुरले गेले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. लिव्हिंग्स्टनचे आफ्रिकन सोबती सुसी आणि चुमा यांच्या पुढारपणाखाली त्या लोकांनी मृतदेह सुमारे हजार मैल चालत समुद्रापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, त्या वेळी शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत गोदाकाठी शिकलेला हा जेकब वेनराइट होता. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या दिवसांविषयी आफ्रिकन माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली जी नोंद उरली आहे, ती त्याचीच.

प्राइस १८७४ च्या सुमारास मोंबासाकडे गेले आणि तिथे मुक्त केलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाऊन ही वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले गेले. शरणपूरची अनेक आफ्रिकन कुटुंबे तिकडे गेली आणि त्यांना तिकडचे लोक 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी फ्रिअर टाऊनमध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर या दोघांना दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन आजच्या युगांडातल्या बुसोगात मारले गेले, तेव्हा मागे राहिलेला तांडा किनाऱ्यापर्यंत परत आणला तो या विल्यम जोन्सनेच. म्हणजे केनियातल्या अँग्लिकन मंडळीच्या पायाचे काही दगड नाशिकमध्ये घडले. तरी नाशिकच्या शाळेतल्या मुलांना ही हकीकत कुठल्या धड्यात भेटत नाही. मला याचे फार वाईट वाटते.

या हकीकतीत शौर्य आहे म्हणून मी ती इतकी सविस्तर सांगितली असे कुणाला वाटू नये. आपल्या क्षेत्राचे प्रश्न कसे विचारावेत याचा नमुना तिच्यात आहे. गुलामीतून सुटलेले आफ्रिकेतल्या याओ जमातीचे मूल आणि पाणवठ्यावरून हाकलले गेलेले मराठी मूल एका बाकावर बसले, तेव्हा त्यांची बरोबरी कुणाच्या नजरेने ठरत होती? मिशनरी दोघांचाही 'पालक' होता. त्याने दिलेल्या इंग्रजी नावांनी आफ्रिकन मुलांची मूळ नावे पुसली, आणि त्याच मिशनरीने त्यांना असे शिक्षण दिले की पुढे ते स्वतःच्या मंडळीचे पुढारी झाले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मिशनचे गोडवे गाणारा अभ्यासक पहिली गाळतो, मिशनवर खार खाणारा दुसरी गाळतो. दोघांनीही शरणपूरच्या स्वयंपाकघरात डोकावलेले नसते. वार्षिक अहवाल वाचताना धान्याचा खर्च, कपड्यांचा हिशेब, मुलांच्या आजारपणाच्या नोंदी, लग्ने कुणाची कुणाशी लागली याच्या याद्या, याच पानांवर थांबावे. बाकीची पाने इंग्लंडमधल्या देणगीदारांसाठी लिहिलेली असतात.

नाशिकची दुसरी मोठी साक्ष एका बाईची आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मल्या. आजोबांना १८५७ च्या प्रकरणात फाशी झाल्याच्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनात सोवळ्याने असे घर केले, की घरात येणारे मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेतली जाई. पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पुढे काही वर्षांनी त्या पतीजवळ परत आल्या, पण आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवून. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात हे अंतर तसूतसूने कमी होत गेलेले दिसते. जात देवाने केली की माणसाने, असा विचार करता करता त्या कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याच्या निर्णयाला पोचल्या, आणि तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये आला.

हा क्रम मला अत्यंत मोलाचा वाटतो. धर्मशास्त्राच्या वर्गात आपण शिकतो की आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, मग त्याचे फळ म्हणून नवे आचरण. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत सोवळे आधी गळाले आणि विश्वासाचा उच्चार मागून आला. पेत्राचेही तसेच झाले होते. कर्नेल्याच्या उंबऱ्यात पाऊल ठेवल्यावरच देव पक्षपात करत नाही हे त्याला उमजले, त्याआधी तो तीन वर्षे येशूच्या सहवासात राहिलेला असूनही. रोजचे जगणे हे सिद्धान्ताचे फक्त उपयोजन नसून सिद्धान्त तिथे जन्मालाही येतो, हे दाखवायला मराठीत 'स्मृतिचित्रे'एवढे सामर्थ्यवान पुस्तक मला दुसरे माहीत नाही. साहित्याचे विद्यार्थी ते विनोदासाठी आणि शैलीसाठी वाचतात. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते मंडळीशास्त्राचा ग्रंथ म्हणून वाचावे.

पण इथे एक सावधगिरी हवी. एका ताटात जेवणे म्हणजे एकी, असे सूत्र करून ते सगळीकडे लावले की आपण नवा जुलूम उभा करतो. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकल्या, शिकवत राहिल्या. मांसाहार त्यांनी केला नाही, अंडे घातलेले पदार्थही टाळले. त्यांची आध्यात्मिक काळजी घेणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीच्या अभिमानाचे अवशेष दिसले. रमाबाईंनी पत्रांतून ठाम उत्तर दिले: ख्रिस्ताची झाले म्हणून जेवणाच्या सवयी आणि आपल्या देशाचे वळण सोडलेच पाहिजे असे नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यालाही त्यांचा आक्षेप होता, ती त्यांना संस्कृतात हवी होती. हा पत्रव्यवहार छापून उपलब्ध आहे आणि प्रत्येक नव्या अभ्यासकाने तो वाचावा. लक्ष्मीबाईंच्या घरात न जेवणे ही भिंत होती. रमाबाईंच्या बाबतीत तेच न जेवणे परक्या सत्तेपुढे आपली ओळख राखण्याचे साधन होते. पौलाने रोमकरांना लिहिताना नेमके हेच तारतम्य सांगितले आहे: फक्त भाजीपाला खाणाऱ्याने सर्व काही खाणाऱ्याला दोष लावू नये आणि सर्व काही खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये. कोण कुणाला नमवू पाहतो आहे, हे ताटातल्या पदार्थावरून कळत नाही. ताट पुढे करणाऱ्याच्या हातातली सत्ता पाहावी लागते.

पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना त्यावरून ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या खटल्याला, सामोरे जावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती करत नाही. एवढेच सुचवतो, की ते प्रकरण आजवर हिंदू सुधारणेच्या इतिहासात वाचले गेले. चहा देणाऱ्यांच्या बाजूनेही ते वाचले पाहिजे. आपल्या घरचा एक कप शहरभर एवढा वणवा पेटवू शकतो, हे जाणवल्यावर त्यांना आपल्या प्रभुभोजनाविषयी काय वाटले असेल?

कारण प्रभुभोजनाच्या प्याल्याचा प्रश्न इथे युरोपापेक्षा वेगळा आहे. अँग्लिकन प्रथेत सगळी मंडळी एकाच प्याल्याला ओठ लावते. ज्या समाजात दुसऱ्याचे उष्टे हा विटाळाचा परमावधी मानला गेला, त्या समाजात पूर्वीचा ब्राह्मण आणि पूर्वीचा महार एकापाठोपाठ एक त्या प्याल्यातून पितात, तेव्हा कुठल्याही प्रवचनाला जमणार नाही असे काहीतरी घडते. काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्यांत प्रत्येकाला वेगळा लहान पेला मिळतो. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल, पण प्याले वेगळे झाल्यावर काय हरवले हेही तपासावे असे मला वाटते. वारकऱ्यांच्या काल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून वाटल्या जातात. नारायण वामन टिळकांना ही परंपरा अंतर्बाह्य ठाऊक होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानत. त्यांनी 'अभंगांजली' लिहिली, ख्रिस्ती कीर्तन रुजवले, आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मंडळीची सीमा कुठे आखायची, हा त्याने विचारलेला प्रश्न मात्र अजून कुणी मिटवलेला नाही.

आता अवघड भागाकडे येतो. तो टाळून या क्षेत्रात शिरता येणार नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. त्यानंतर कितीतरी डोळे चर्चकडे वळले होते. बाबासाहेबांनी चर्चकडे काळजीपूर्वक पाहिले आणि त्यांना जे दिसले ते त्यांनी लिहून ठेवले. त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात, धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरच्या प्रकरणांत, ते सापडते. मिशनांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, पण धर्मांतरितांमधली जात मोडण्यासाठी आणि त्यांच्यावरच्या अन्यायाविरुद्ध झगडण्यासाठी पुरेसे केले नाही, असा त्यांचा ठपका आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांना ही प्रकरणे वाचताना बचाव सुचू लागतो. तो बाजूला ठेवून ती वाचावीत. आमच्याविषयी इतक्या जवळून आणि इतक्या गांभीर्याने त्या काळी फार थोड्यांनी लिहिले आहे.

रोटीचा व्यवहार पुष्कळसा सुटला, बेटीचा नाही, हे आजही खरे आहे. सोयरीक जुळवताना कॅथलिक की प्रोटेस्टंट हे उघडपणे विचारले जाते. कुठल्या गावचे, कुठल्या मिशनचे, आजोबांचे मूळ आडनाव काय, हेही विचारले जाते, आणि त्या प्रश्नांमागचा खरा प्रश्न सगळ्यांना कळतो. दुसरीकडे राज्यव्यवस्थेने आपली गाठ घातली आहे. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच आहेत. त्यामुळे अनेक घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी फाटाफूट जगावी लागते. एकीविषयीचे कुठलेही ख्रिस्ती चिंतन या दाखल्यापाशी येऊन थांबत नसेल, तर ते अपुरे आहे. याच मातीतले अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिओलॉजिकल कॉलेजमध्ये दिलेल्या व्याख्यानाने दलित धर्मशास्त्राला तोंड फुटले, असे मानले जाते. दलित माणसाचे दुःख हीच धर्मशास्त्राची सुरुवात आहे, ही त्यांची भूमिका जगभर शिकवली जाते. मराठीतून ती शिकवण्याचे काम मात्र अजून पुष्कळ बाकी आहे.

पंथांच्या एकीकरणाचा इतिहास त्या मानाने चांगला नोंदलेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ पासूनचा, तो त्यात विलीन झाला. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा केला गेला. या तारखा महत्त्वाच्या आहेत, पण त्यांच्यामागे जाऊन एक गोष्ट पाहावी. कागदावर एकी होण्याच्या कितीतरी आधी मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या नारायण वामन टिळकांची तीच गीते गात होत्या, आणि 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक आज पंथांची कुंपणे न जुमानता सगळ्यांच्या हातात असते. बिशपांच्या वाटाघाटींना वर्षानुवर्षे लागली. पेटी आणि तबल्यावर बसलेल्या माणसांचे ते आधीच जमून गेले होते. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतरच्या काळात, मिस्सा लॅटिनमधून लोकभाषांत आली. सर्वांना सारखीच अनोळखी असलेली भाषा गेली आणि वेदीवर कुणाची मातृभाषा असावी हा नवा प्रश्न आला. नाशिकरोडसारख्या ठिकाणी, जिथे सिक्युरिटी प्रेस आणि रेल्वेमुळे देशभरची माणसे आली, तिथे हा प्रश्न दर रविवारी वेळापत्रकात सोडवावा लागतो: मराठी मिस्सा किती वाजता, इंग्रजी किती वाजता. सोईच्या वेळा कुणाला मिळाल्या, हा संशोधनाचा विषय आहे आणि तो मी अत्यंत गंभीरपणे सुचवतो.

त्याच नाशिकरोडला फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी बाळ येशूची यात्रा भरते. मेणबत्त्या, फुले, नवस, दूरदूरहून आलेल्या रांगा. त्या रांगेत ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने असतात. सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेतही हेच दृश्य असते. काही धर्मपंडितांना या नवसांत गोंधळ दिसतो, काही सेक्युलर लेखकांना एकात्मतेचे सुंदर चित्र दिसते. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. नवसाला आलेली बाई आपला धर्म बदलायला आलेली नसते आणि कुणाला एकात्मता दाखवायलाही आलेली नसते. तिचे मूल आजारी असते. तिच्या शेजारी उभी असलेली ख्रिस्ती बाईसुद्धा त्याच कारणाने आलेली असते. या दोघी रांगेत तासभर एकमेकींशी काय बोलतात, हे ज्याने ऐकले असेल त्याने लिहावे.

नव्या अभ्यासकाने साधने कुठे शोधावीत, हेही थोडक्यात सांगतो. १८४२ पासूनचे 'ज्ञानोदय', १९०३ पासूनचे 'निरोप्या' आणि वसईचे 'सुवार्ता', या तीन नियतकालिकांच्या जुन्या अंकांत संपादकीयांपेक्षा वाचकांची पत्रे, मृत्युलेख आणि गावोगावच्या बातम्या आधी वाचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अनेक वर्षे 'सुवार्ता'चे संपादन केले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'मुळे अनेक ख्रिस्तेतर मराठी घरांत बायबल पहिल्यांदा वाचले गेले. भाषेच्या या दारातून किती जण आत आले, हाही आपलाच विषय. त्याआधीचा मोठा दुवा १६१६ चा, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा. इंग्लंडात जन्मलेल्या, गोव्यात आयुष्य घालवलेल्या या जेझुइटाने ख्रिस्ताची कथा हजारो ओव्यांत मराठी श्रोत्यांपुढे ठेवली.

मंडळ्यांच्या कपाटांतली बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरे हा सर्वांत मोठा खजिना आहे, आणि तो वाळवी आणि ओलीमुळे रोज थोडा थोडा संपतो आहे. पाळकसाहेबांना किंवा फादरना विनंती करून, परवानगी घेऊन, त्यांची छायाचित्रे काढणे हे आज कुठल्याही प्रबंधापेक्षा निकडीचे काम आहे. साक्षीदार म्हणून कुणाच्या लग्नात कुणी सही केली, कुणाच्या मुलाचे धर्मबापपण कुणी घेतले, दफनभूमीत कुठल्या कुटुंबाची कबर कुठल्या कोपऱ्यात आहे, यावरून जवळीक आणि दुरावा या दोहोंचा नकाशा काढता येतो.

आणि हे क्षेत्र ख्रिस्ती लोकांपुरते राखीव आहे असे कृपया समजू नका. हिंदू, बौद्ध, मुसलमान, कुठलाच धर्म न मानणारे, सर्वांचे इथे मनापासून स्वागत आहे. घरच्या माणसाला सवयीने दिसेनासे झालेले पाहुण्याला चटकन दिसते. बाबासाहेबांचे उदाहरण समोर आहेच. सुरुवात मंडळीच्या प्रीतिभोजनापासून करता येईल. अशा जेवणाला आमंत्रण सहज मिळते. तिथे गेल्यावर व्यासपीठावरच्या भाषणांची टिपणे घेण्यापूर्वी मागच्या बाजूला चुलीपाशी जा. कांदा कोण चिरते, भात कोण उतरवते, भांडी कोण घासते आणि ती माणसे शेवटी कुणाबरोबर जेवायला बसतात, ते पाहा. त्यांना नावे विचारा आणि ती त्यांच्या परवानगीने लिहून घ्या, कारण कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेत ती नसतात.